आकडा नका सांगू

गुरुवारी भोसरी बंद, म्हणून बुधवारीच दोन मुलाखती उरकायचं ठरवलं. पीएचडीसाठी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना भेटत होतो. माझ्या प्रश्नावलीत दोन रकाने: 'स्पर्धक कोण' आणि 'मदत कुणाची'. सकाळचं शेड आणि दुपारचं शेड भिंतीला भिंत लागून. दोघेही व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून देणारे (जॉबवर्क), गिऱ्हाइकंही बरीचशी तीच.

दुपारच्या शेडचे मालक म्हणजे काका. त्यांच्याशी बोलत होतो, तेवढ्यात सकाळच्या शेडमधला पोरगा आला. "काका, शेठनी बाराच्या दोन एंडमिल मागितल्यात." एंडमिल म्हणजे मशीनला लावायचं कापायचं हत्यार. काकांनी कपाटातून काढून दिल्या, वहीत नोंदसुद्धा नाही. मग सांगू लागले, ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या मशीनचा स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) गेला होता. जॉब काढून दिले ते या शेठनीच, रात्रपाळी लावून. माल पाठवायचं चलन मात्र काकांच्या नावाचं.

मी हरखलो. ब्रँडनबर्गर आणि नेलबफ या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी 1996 साली 'को-ऑपेटिशन' हा शब्द गाजवला: पोळी मोठी करताना सोबत, वाटून घेताना समोरासमोर. ते सगळं इथे कूलंटच्या वासात चाललेलं! त्याच भरात बोलून गेलो, "मग मशीनचा तासाचा दर? ते सकाळी म्हणाले की..."

"थांबा." काकांनी हात वर केला. "आकडा नका सांगू, सर."

माझ्या पोटात गोळा आला. नाव-गाव-दर गुप्त राहील, असं दोघांनाही लिहून दिलं होतं मी.

"त्याचा दर कळला की पुढच्या कोटेशनला माझा हात तिथंच अडकणार. खाली टाकला तर त्याचं पोट मारलं. तेवढाच टाकला तर मिलीभगत. उद्या एंडमिल मागायला पोरगं कुणाकडे पाठवू?"

स्पर्धकांनी आपसात दर ठरवायला 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 ची मनाई आहे. काकांनी तो वाचला असेल असं वाटत नाही. आणि दोघं मिळून काय टाळतात, काय कळूनच घेत नाहीत, हे विचारायला माझ्या प्रश्नावलीत जागाच नव्हती.

संध्याकाळी लाज गुंडाळून शेठना सांगून टाकलं. त्यांनी चहा मागवला.

"पुढच्या वेळी असं करा," ते म्हणाले, "सकाळी त्यांच्याकडे जा, दुपारी माझ्याकडे."

हसत म्हणाले. त्यात गंमत किती आणि विचारणा किती, अजून कळलेलं नाही.