कोकणातला खून, वाईचा घाट

शनिवार, रात्रीचे पाऊण

झोप येत नाहीये आणि डोकंही फिरलंय म्हणून लिहायला बसले. आज आईसोबत ओटीटीवर एक मराठी मर्डर मिस्ट्री बघितली. नाव नाही लिहीत, पैसे जमवून जमवून केलाय बिचाऱ्यांनी हे दिसतंच होतं. छोटं गाव, पाऊस, नदीकाठी सापडलेली शाळेतल्या बाईंची बॉडी, मुंबईहून बदली होऊन आलेला इन्स्पेक्टर. एवढं वाचलं की मला बाकी काही लागत नाही, मी लगेच भाजीचं पातेलं झाकून सोफ्यावर.

गोष्ट कोकणात घडते म्हणे. पाचव्या मिनिटाला घाट दिसला आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, अगं ही तर आपली वाई! काळ्या दगडाच्या पायऱ्या, कृष्णा, आणि ढोल्या गणपतीचं देऊळ फ्रेममध्ये येऊ नये म्हणून कॅमेरावाल्याने केलेली धडपड. पण एका शॉटमध्ये देवळाची ती मागची निमुळती भिंत, पुराचं पाणी कापायला माशाच्या आकाराची बांधलेली, ती आलीच. कोकणात जांभ्याचे गडगे असतात हो, माडबीड असतात, कोणीतरी मालवणीत एखादी शिवी तरी देईल की नाही, इथे सगळे पुण्याच्या पेठेतलं बोलत होते. म्हणजे शूटिंग वाईत केलं याचा राग नाहीये, गंगाजल (2003) मध्ये वाईचं बिहार झालं होतं आणि स्वदेसमध्ये (2004) वाईजवळच्या मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातला झाला होता, तेव्हा कोणाला खटकलं? तिथे माणसं त्या त्या गावची वाटत होती. आणि मुळात कोकण कशाला, सरळ वाईच म्हणा ना.

आईने खुनी विसाव्या मिनिटालाच ओळखला. वाचनालयातला तो गोड बोलणारा माणूस. मी म्हटलं कशावरून, तर म्हणे, "अख्ख्या पिक्चरमध्ये ओळखीचा नट हा एकच, त्याला काय नुसते पुस्तकांवर शिक्के मारायला घेतलाय?" झालं. पुढचा सव्वा तास आम्ही फक्त ती बरोबर आहे का हे बघत बसलो, आणि होतीच.

पण बजेट कमी हे कारण मला नाही पटत. पंचनामा करायला किती पैसे लागतात? बॉडी सापडली की आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग पंचनामा, त्याला दोन पंच लागतात, आणि पंच कोण होणार यावरच गावात अर्धा तास जातो, कारण प्रत्येकाला अचानक शेतावर काम आठवतं. आमचे बाबा एकदा झाले होते, नंतर कितीतरी वर्षं साताऱ्याला तारखांना जात होते आणि प्रत्येक वेळी आई डबा देताना बडबडायची. हा असा सीन फुकटात होतो की! इथे इन्स्पेक्टर एकटाच बॅटरी घेऊन धुरात फिरतो (धूर मशीनचा, खालून येताना दिसतो), कोणाच्या ओट्यावर बसत नाही, चहा घेत नाही. आई म्हणाली, "हा चहाच घेत नाही कुणाकडे, ह्याला कोण काय सांगणार?"

आणि वाईचं म्हणून जास्त लागलं. 2016 च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच धोमला फार्महाऊसवर खोदून एकेक मृतदेह काढत होते, त्यातलं सगळ्यात जुनं माणूस 2003 पासून बेपत्ता. ज्याला पकडलं त्याला लोक डॉक्टर म्हणायचे. तेव्हा मी पुण्यात होते, आईचा रोज फोन, आणि ती खुनाबद्दल कमीच बोलायची, बोलायची ते हेच की अमकी म्हणते मला आधीच शंका होती, तमका म्हणतो मी तर त्याच्याकडून सलाईन लावून घेतलं होतं. तेरा वर्षं. त्या बेपत्ता माणसाच्या घरातले तेरा वर्षं बाजारात येत असतील, लोक त्यांना विचारत असतील काही कळलं का, मग हळूहळू विचारायचंही बंद झालं असेल. मला छोट्या गावातला खून म्हटलं की ते विचारायचं बंद होणं आठवतं. या पिक्चरमधल्या बाईंना कोणी शोधतच नाही, त्यांची आई नाही, शेजारीण नाही, वर्गातली पोरं नाहीत, दुधाचं बिल थकलंय म्हणून दार वाजवणारा दूधवाला पण नाही.

एकच गोष्ट आवडली. बॉडी बाहेर काढतात तेव्हा मागे गर्दी आहे, ती खरी वाईचीच माणसं उभी केलीत. आईने रिमोट हिसकावून पॉज केलं. डावीकडे आमच्या आळीत भाजी घेऊन येतात त्या मावशी! सगळे बॉडीकडे बघतायत, या एकट्या पदर तोंडाला लावून शेजारणीच्या कानात काहीतरी सांगतायत आणि शेजारीण मान हलवतेय, आणि इन्स्पेक्टर त्यांच्या समोरून गॉगल लावून निघून गेला. दोन सेकंद असतील. आम्ही ते तीनदा मागे नेऊन बघितलं.

आई आत्ता झोपताना म्हणाली, उद्या फोन करून विचारतेच तिला, काय सांगत होतीस म्हणून.