लंडनच्या ‘मॉन्युमेंट’वरून

शनिवार

भाच्याचा प्रश्न तसा रास्त होता. “मावशी, इथून जवळच फेनचर्च स्ट्रीटवर काचेची एवढी मोठी इमारत आहे, तिच्या माथ्यावरच्या बागेत लिफ्टने आणि फुकट जाता येतं, मग तुला हा खांबच का चढायचाय?” नुसती उंचीच हवी असती, तर या प्रश्नाला उत्तर नव्हते. मला मात्र १६६६ साली लंडन शहर नेमके कुठून कुठपर्यंत जळाले हे पाहायचे होते, आणि त्यासाठी त्या आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे माझे मत आज तिथे जाऊन आल्यावर अधिकच पक्के झाले आहे.

वास्तुकार ख्रिस्तोफर रेन आणि शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी या स्तंभाची रचना केली आणि १६७१ ते १६७७ या काळात तो बांधला गेला. त्याची उंची २०२ फूट आहे, कारण पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर यांच्या ज्या बेकरीत आग लागली, ती स्तंभापासून तेवढ्याच अंतरावर होती. म्हणजे हा खांब त्या दिशेने आडवा पाडला, तर त्याचे टोक थेट बेकरीच्या जागेला टेकेल. स्मारकाची उंची सहसा कुणाच्या तरी थोरवीच्या हिशेबाने ठरते. इथे ती एका भट्टीपासूनच्या अंतरावरून ठरवली, हे मला फार आवडले.

आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना आहे. प्रत्येक पायरी भिंतीकडे रुंद आणि मधल्या पोकळीकडे निमुळती असल्यामुळे भिंतीलगत चालणाऱ्याचे पाऊल नीट बसते आणि आतल्या बाजूने चालणाऱ्याला चवड्यांवर भार द्यावा लागतो. चढणारे आणि उतरणारे याच एका जिन्यावर असल्याने समोरून माणूस आला की भिंतीकडची बाजू कोणी घ्यायची, याचा निवाडा दर वेळी नव्याने होतो. (उतरणारे लोक चढणाऱ्यांकडे जरा दयेने पाहतात.) मधली पोकळीही उगाच ठेवलेली नाही. वरच्या टोकाला एक भिंग आणि तळघरात निरीक्षक अशी सोय करून अख्खा स्तंभच आकाशाकडे रोखलेली दुर्बीण म्हणून वापरावा, असा हूक यांचा बेत होता. रस्त्यावरच्या वाहतुकीने स्तंभ थरथरत असल्यामुळे तो बेत फसला. प्रत्येक पायरी मात्र सहा इंच उंचीची ठेवलेली असल्याने, उंचीनुसार हवेचा दाब कसा बदलतो हे मोजायला हा जिना हूक यांना उपयोगी पडला. धाप लागल्यावर भिंतीला टेकून उभे राहायला हे एक चांगले निमित्त आहे.

सुमारे १६० फुटांवरचा सज्जा अरुंद आहे आणि त्याला चहूबाजूंनी जाळी आहे. इथून उड्या घेऊन लोकांनी जीव दिल्यामुळे १८४२ साली सज्जा पिंजऱ्यासारखा बंद करण्यात आला. उत्तरेला उंच इमारतींची एवढी दाटी आहे की त्या बाजूला पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि दक्षिणेला नदीपलीकडे ‘शार्ड’ ही गगनचुंबी इमारत साऱ्यांना खुजे करून टाकते. माझे लक्ष पूर्व आणि पश्चिम या दोनच दिशांकडे होते. पूर्वेला टॉवर ऑफ लंडनचा किल्ला आणि त्याच्या पलीकडे टॉवर ब्रिज, म्हणजे बेकरीपासून किल्ला किती जवळ होता ते एका नजरेत कळते. तरीही तो वाचला, कारण वारा पूर्वेकडून वाहत होता आणि किल्ल्याच्या बाजूची घरे सुरुंगाच्या दारूने उडवून मध्ये मोकळी जागा करण्यात आली होती. पश्चिमेला मात्र सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. त्या जागी पूर्वी उभे असलेले जुने कॅथीड्रल त्याच आगीत पडले आणि आग त्याच्याही पुढे ‘टेंपल’ या वकिलांच्या वस्तीपर्यंत गेली. पुस्तकात वाचलेला ‘४३६ एकर’ हा आकडा माझ्यासाठी आजवर नुसता आकडाच होता. जाळीला नाक लावून बेकरीची जागा, घुमट आणि नदी ही तिन्ही एकापाठोपाठ पाहिल्यावर चार-पाच दिवसांत केवढे शहर गेले, याचा अंदाज आला. भाच्याने सांगितलेल्या बागेतून याहून कितीतरी दूरचे दिसत असेल, पण तिथे उभे राहणाऱ्याने बेकरीची जागा आधी शोधावी तरी का?

खाली उतरल्यावर चौथऱ्यावरचा लॅटिन मजकूर पाहिला. १६८१ साली त्यात एक वाक्य वाढवून आगीचे खापर कॅथलिकांवर फोडण्यात आले. ते दुसऱ्या जेम्स या कॅथलिक राजाच्या काळात खोडले गेले, तो गेल्यावर पुन्हा कोरले गेले आणि १८३० साली कायमचे काढले गेले. आग मुद्दाम लावली गेली, हा संशय त्याआधीच एकाच्या जिवावर बेतला होता. रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या फ्रेंच घड्याळजीने आग आपणच लावल्याचा कबुलीजबाब दिला आणि त्याला फाशी झाली. आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये पोहोचलाही नव्हता, हे मागाहून उघड झाले. दगडात कोरलेले म्हणून खरे मानण्याची सवय आपल्यालाही आहे, तेव्हा हसावे कुणाला?

निघताना पायऱ्या चढल्याचे प्रमाणपत्र मिळाले, ते भाच्याने लगेच आपल्या खिशात घातले. मग आम्ही पुडिंग लेनमध्ये गेलो. बेकरीचा मागमूसही नाही. कचेऱ्यांच्या इमारतींमधली साधी गल्ली आणि भिंतीवर १९८६ सालचा एक फलक आहे. आग इथेच जवळ लागली हे त्यावर नमूद आहे, पण तो लावण्याचे निमित्त आग नव्हे. बेकरीवाल्यांच्या संघाला सातव्या हेन्रीने दिलेल्या सनदेला ५०० वर्षे झाली, म्हणून संघाने तो बसवला आहे.