घटना समितीत गुडघाभर चिखल

मागच्या जुलैत आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गावी गेलो होतो. सुरगाणा तालुक्यात गुजरातच्या हद्दीकडं आमचं गाव, पाऊस चार दिवस थांबायला तयार नव्हता, लाईट गेलेली, दिवसभर चिखलात वाकून वाकून कंबर धरलेली आणि रात्री झोप काही येईना. मोबाईलमध्ये घटना समितीतल्या भाषणांची पीडीएफ कधीची डाऊनलोड करून ठेवली होती, वाचू वाचू म्हणत राहूनच गेलेली, ती उघडली. आणि 19 डिसेंबर 1946 च्या पानावर जयपालसिंह मुंडा भेटले.

नाव माहिती होतं तसं. 9 ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या रॅलीत बिरसा मुंडा, राघोजी भांगरे, तंट्या मामा यांच्या फोटोंच्या रांगेत कुठंतरी टोकाला सूट-टायमधला एक फोटो असतो, कधी असतो कधी नसतो. हॉकीवाले म्हणून ओळखतात लोक त्यांना, 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकला भारताचे कॅप्टन, भारताचं पहिलं हॉकी गोल्ड. आताच्या झारखंडमधल्या खुंटीजवळच्या टकरा गावचं मुंडा पोरगं, ऑक्सफर्डला शिकलं, आयसीएसमध्ये म्हणजे इंग्रजांच्या बड्या सरकारी नोकरीत निवड झाली आणि हॉकीपायी तीही सोडून दिली. हे सगळं भारीच आहे, पण मला त्या रात्री जे सापडलं ते याच्यापेक्षा मोठं वाटलं, म्हणून लिहितोय.

नेहरूंनी 13 डिसेंबरला उद्दिष्टांचा ठराव मांडला होता, म्हणजे आपला देश कसा असेल याचा पहिला आराखडा. एकेक मोठी माणसं उठून बोलत होती, वकील, बॅरिस्टर, राजेरजवाड्यांकडचे लोक. त्यात हा माणूस उभा राहतो आणि सुरुवातीलाच सांगतो की ज्यांना आजवर मागास जमाती, आदिम जमाती, गुन्हेगार जमाती आणि काय काय म्हटलं गेलं त्या लोकांच्या वतीनं मी बोलतोय, आणि मी जंगली आहे, आमच्याकडं आम्हाला याच नावानं ओळखतात आणि मला त्याचा अभिमान आहे. पुढं म्हणतो, एका जंगली माणसाकडून, एका आदिबासीकडून तुम्हाला अपेक्षा नसणार की ठरावातले कायदेशीर बारकावे त्याला कळतील, पण माझी अक्कल सांगते, माझ्या लोकांची अक्कल सांगते, की आपण सगळ्यांनी स्वातंत्र्याच्या वाटेवर सोबत चालायला हवं.

मी तिथंच थांबलो. मोबाईल छातीवर ठेवून पडून राहिलो थोडा वेळ.

कारण हा शब्द मी खाल्लेला आहे. अकरावीला नाशिकला आलो तेव्हा हॉस्टेलवर एका पोरानं पहिल्याच आठवड्यात, मी ताटातला भात हातानं कालवून खात होतो म्हणून, सगळ्यांसमोर ‘ए जंगली’ म्हणून हाक मारली आणि ते नाव दोन वर्षं चिकटलं. मी काय केलं, तर चमच्यानं खायला शिकलो, आमची कोकणा बोली फोनवर आईशी बोलतानासुद्धा हळू आवाजात बोलायला लागलो, कोणी गाव विचारलं तर नुसतं ‘नाशिक’ सांगायचो. आणि इथं हा माणूस देशाच्या सगळ्यात मोठ्या सभागृहात, माईकवर, तोच शब्द उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो, पागोट्यासारखा. मला सतराव्या वर्षी हे भाषण कोणी वाचून दाखवलं असतं तर, असं फार वाटलं त्या रात्री.

पण भाषण नुसतं अभिमानाचं नाहीये. पुढं तो सरळ सांगतो की माझ्या लोकांना सहा हजार वर्षं अपमानानं वागवलंय, सिंधू संस्कृतीचा मी वारस आहे आणि इथं बसलेले तुमच्यातले बहुतेक जण माझ्या दृष्टीनं घुसखोर आहात, तुम्ही आलात म्हणून आम्ही रानात ढकललो गेलो. विचार करा, समोर नेहरू बसलेत, सरदार पटेल बसलेत. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर म्हणतो की आमचा सगळा इतिहास शोषणाचा, जमिनी हिसकावल्याचा आणि मधूनमधून बंडांचा आहे, तरीही मी पंडित नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवतो, की नवा अध्याय सुरू होतोय. तीन कोटींहून जास्त आदिवासींच्या वतीनं त्यानं ठरावाला पाठिंबा दिला. राग पूर्ण बोलून दाखवायचा आणि मग त्याच तोंडानं विश्वास ठेवायचा, हे किती अवघड आहे ते आमच्या लोकांना माहितीये.

त्याच भाषणात ते फेमस वाक्य आहे, की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, लोकशाहीच्या रीती तुम्हाला त्यांच्याकडून शिकाव्या लागतील. हे वाक्य पोस्टरवर बघितलं होतं, तेव्हा छान वाटलं होतं, बस. पण भाषणात वाचताना मला आमच्या गावच्या बैठका आठवल्या. लहानपणी बघायचो, पाण्याचा वाद असो, कोणाची गुरं कोणाच्या नागलीत शिरलेली असोत, सगळे अंगणात बसायचे आणि उठायचे नाहीत. हात वर करून मोजणं नाही. एकाचं जरी मन खात असेल तरी बोलणं चालूच, रात्रीचे बारा वाजले तरी, बायासुद्धा ओट्यावरनं आपलं म्हणणं मांडायच्या आणि ते ऐकलं जायचं. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं हेच जगाला दाखवलं, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत, आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. मुंडा 1946 ला जे सांगत होते ते हेच होतं की. बायकांचंही त्याच भाषणात आहे बरं का, या सभेत पुरुष फार झालेत, आम्हाला जास्त बायका पाहिजेत असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय.

आता दुसरं भाषण, आणि खरं म्हणजे मला सगळ्यात जास्त हलवलं ते यानं. 24 नोव्हेंबर 1948. दारूबंदीवर चर्चा चाललेली. तेव्हा दारूबंदी म्हणजे गांधीजींचं स्वप्न, गांधीजी जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही, त्याच्या विरोधात बोलायचं म्हणजे केवढी हिंमत लागत असेल. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर विरोधात बोलले त्या दिवशी, आणि मुंडा बोलले. मुंडांचं म्हणणं असं की तांदळाची बिअर आमच्या पूजेत आहे, सणात आहे, रोजच्या जगण्यात आहे, आणि पश्चिम बंगालमध्ये संथाळांना ती मिळाली नाही तर भाताची लावणीच होणार नाही. अंगावर धड कपडा नसलेली ही माणसं दिवसभर गुडघाभर पाण्यात, चिखलात, कोसळत्या पावसात उभी राहून काम करतात, त्यांना जिवंत ठेवणारं या पेयात काय आहे यावर डॉक्टर लोकांनी संशोधन करावं असं मला वाटतं, असं ते म्हणाले.

मी दिवसभर त्याच चिखलात उभा राहून आलो होतो. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, पायाच्या बोटांच्या मधे चिखल्या झालेल्या, आई चुलीवर तेल कोमट करून लावत होती. आणि हे दिल्लीच्या सभागृहात कोणीतरी बोललं होतं! आवणीचा गारठा हाडात शिरतो हे बोललं होतं! कायदा करणाऱ्या एवढ्या माणसांत किती जणांना माहिती असेल की तुम्ही जो भात खाता तो लावताना पाठीवर पाऊस कसा लागतो? ज्यानं आपल्या माणसांना त्या चिखलात बघितलंय तोच हे बोलणार ना.

मला त्यांचं म्हणणं सगळं पटलं असं नाही. आमच्याकडं तांदळाची नाही, मोहाची काढतात, देवाला पहिली धार देतात, ते मला कधी वाईट वाटलं नाही. पण माझा एक काका दारूनंच गेला, आणि ती मोहाची नव्हती, बाजारातनं पिशवीत येणारी होती. गडचिरोलीत लोकांनी, त्यात आदिवासी बाया पुढं होत्या, लढून 1993 मध्ये दारूबंदी आणली, त्या बायांचं दुःख खोटं कसं म्हणू मी. पण गावानं बसून ठरवणं वेगळं आणि चिखल न बघितलेल्यांनी वरून ठरवणं वेगळं, आणि मुंडांचं भांडण त्या दुसऱ्या गोष्टीशी होतं असं मला वाटतं. हरले ते त्यात. दारूबंदी कलम 47 मध्ये आहेच.

शब्दाच्या लढाईतही हरले. त्यांना घटनेत ‘आदिवासी’ शब्द हवा होता. भाषांतरांत ‘बनजाति’, म्हणजे रानातली जमात, असं लिहिलेलं बघून ते चिडले होते, आदिबासी शब्दात डौल आहे, तो सोडून ही जुनी शिवी कशाला वापरता असं त्यांनी विचारलं. बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, कायद्यात त्याला नेमका अर्थ नाही, अनुसूचित जमाती म्हटलं की यादीच जोडलेली असते. बाबासाहेबांचं कायद्याच्या बाजूनं बरोबरच होतं, यादी नसती तर आमचं आरक्षण कोणीही पळवलं असतं, आत्ताही बोगस सर्टिफिकेटवाल्यांनी कमी पळवलं नाहीये. माझी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं सर्टिफिकेट, निघेपर्यंत मी आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंदी असं काय काय गोळा करत फिरलोय आणि खऱ्यालाच किती पुरावे द्यावे लागतात ते मला विचारा. तरीपण त्या सर्टिफिकेटवर ‘अनुसूचित जमाती’ वाचताना मला कधी ‘हा मी’ असं वाटलं नाही. आदिवासी म्हटलं की वाटतं. आजकाल वनवासी म्हणायची पद्धत वाढलीये, म्हणणाऱ्याचा हेतू काहीही असो, वनवास हा शिक्षा म्हणून भोगायला जातात हो, आम्ही कुठून रानात आलो नाही, आम्ही होतोच. हे मुंडा तेव्हाच सांगत होते, बनजाति की आदिबासी.

पुढं 1952 पासून शेवटपर्यंत लोकसभेत निवडून येत राहिले. झारखंड पार्टी काढली, पहिल्याच निवडणुकीत बिहार विधानसभेत तिशीच्या वर जागा आणून मुख्य विरोधी पक्ष झाले. पण 1963 ला पार्टी काँग्रेसमध्ये विलीन केली आणि लोकांचं मन मोडलं. मला वाटतं चूक होती ती, मोठी चूक, वेगळ्या झारखंड राज्याच्या मागणीची धारच गेली. 1970 ला दिल्लीत वारले, झारखंड झालं 15 नोव्हेंबर 2000 ला. पण त्या एका चुकीपायी घटना समितीतलं त्यांचं सगळं बोलणं पुसलं जावं, शाळेच्या पुस्तकात मला एक ओळ मिळू नये, हे फार लागलं मनाला.

आपल्याकडं विधानसभेत 25 जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला जो लाँग मार्च गेला त्यात आमच्या गावचे बरेच जण चालले होते, वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी, पायाला फोड आलेले, दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून शेवटचं अंतर रात्रीच चाललेले. आमचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत होते. माझं एवढंच मागणं आहे त्या 25 जणांकडं, पक्ष कुठलाही असू दे, की सभागृहात उभं राहिल्यावर चिखल विसरू नका. वनपट्ट्याचा दावा का फेटाळला, आश्रमशाळेत पोरगी तापानं फणफणली तेव्हा दवाखाना किती लांब होता, दिवाळी झाली की रिकामी गावं कुठल्या वीटभट्टीवर जातात, हे नाव-गाव घेऊन बोला. मुंडांनी बिअर आणि लावणी बोलून दाखवली होती, लाजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपाशी बसून मी आईला ते भाषण आमच्या बोलीत सांगितलं, जमेल तसं. ती रोपं बांधायच्या काड्या निवडत ऐकत होती. गुडघाभर पाण्याचं आलं तेव्हा म्हणाली, ‘गुडघाभर नसतंय रं, पोटरीपर्यंत. गुडघाभर पाण्यात रोप तगत नाही, उपटून वर येतंय.’ मग थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, ‘कुठला म्हणालास तो?’ रांचीकडचा, म्हटलं. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो तर ती बाकीच्या बायांना सांगत होती, रांचीकडचा आपला एक माणूस होता, दिल्लीत जाऊन आवणीचं बोलला.