बिजागरीचा ठिपका

फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाटा करायचा होता, बाकी काही नाही. गाडी निघते आणि रस्त्याकडेला उभी असलेली मुलगी हात हलवते, एवढाच प्रसंग. मुलगी काढून झाली होती, फ्रॉक रंगवून झाला होता, हात वेगळा सिम्बॉल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं सुटं चित्र, करून ठेवला होता. तो निवडला, फिरवण्या-ताणण्याच्या हत्यारासाठी क्यू दाबलं, भोवती काळे चौकोन उमटले. कोपऱ्याच्या जरा बाहेर माउस नेला की गोल बाण येतो. तो धरून ओढला. हात खांद्यातून निखळला आणि कोपराभोवती पंख्याच्या पात्यासारखा गरगरला. मुलगी हसतच होती.

त्या चौकटीच्या मधोमध एक बारीक पांढरा गोल असतो, ट्रान्सफॉर्मेशन पॉइंट. मी त्याला बिजागरी म्हणतो. सिम्बॉलचं फिरणं, फुगणं, आक्रसणं सगळं त्याच्या भरवशावर चालतं. सॉफ्टवेअरला खांदा कुठे असतो ते ठाऊक नाही. त्याच्या लेखी हात म्हणजे एक लांबट आकार, आणि बिजागरी हवी ती त्याच्या मध्यावर. ती उचलून खांद्यावर ठेवायची असते. हे मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे आणि दर वेळी मी ते हात निखळल्यावरच आठवतो.

त्यातही मेख अशी, की क्लासिक ट्वीन असेल (म्हणजे टोकाची चित्रं, की-फ्रेम, आपण द्यायची आणि मधली हालचाल सॉफ्टवेअरने भरायची) तर बिजागरी पुढची की-फ्रेम टाकण्याआधी हलवायची. मागाहून सुचलं आणि एकाच की-फ्रेममध्ये हलवली, तर हात फिरता फिरता खांद्यावरून घरंगळतो. सेकंदाला २४ फ्रेम पळत असताना ते नेमकं दिसत नाही, नुसतं खटकत राहतं. आपण उगाच चेहरा दुरुस्त करत बसतो.

चेंडूचंही तेच. जमिनीवर आपटला की क्षणभर चपटा व्हायला हवा. बिजागरी पोटात राहिली तर तो वरून आणि खालून सारखाच आक्रसतो आणि जमिनीपासून दोन बोटं वर अधांतरी चपटा होतो. तळाशी नेली की नीट बसतो. पापणीची बिजागरी वरच्या कडेला हवी, रोपाची मुळाशी.

मोकळ्या, म्हणजे सिम्बॉल न केलेल्या, आकारांची तऱ्हा आणखी निराळी. फ्लॅशमध्ये (२०१६ पासून त्याचं नाव अ‍ॅनिमेट, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय) ते एकमेकांना खातात. पांढऱ्या डोळ्यावर काळं बुबुळ काढलं, निवड सोडली, मग वाटलं जरा उजवीकडे हवं. सरकवलं, तर मागे भोक आणि त्यातून आभाळ! २००५च्या आवृत्तीत ऑब्जेक्ट ड्रॉइंग आलं आणि आकारांना सुटं राहण्याची सोय झाली. मी मात्र ते बहुधा बंदच ठेवतो. एका गोलावर वेगळ्या रंगाचा दुसरा गोल टाकून उचलला की चंद्रकोर तयार. ही चैन कोण सोडेल?

सिम्बॉलने मला एकदाच रडवलंय. चाळीस मासे होते, सगळे एकाच सिम्बॉलचे. एकाची शेपटी लांब वाटली म्हणून त्याच्यावर डबल क्लिक केलं आणि ती छाटली. बाहेर येऊन पाहतो तो चाळीसही मासे शेपटीविना पोहतायत. आधी त्या माशाचा डुप्लिकेट सिम्बॉल, म्हणजे स्वतंत्र प्रत, करायचं राहिलं होतं. तक्रार करायला जागा नाही, कारण मुळात युक्तीच ही आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत स्केचपॅड हा संगणकावर चित्र काढायचा प्रोग्रॅम केला, त्यातही एका मूळ चित्राच्या अनेक प्रती ठेवता येत आणि मूळ बदललं की प्रती आपोआप बदलत. म्हणजे माझ्या माशांची शेपटी तेव्हापासूनच धोक्यात होती.

असो. टाटा जमला. राहिली गाडीची चाकं. चाक तेवढं गुणी, त्याची बिजागरी मध्यावरच हवी, हात लावायचं काम नाही. पहिल्या फ्रेमला शून्य अंश, शेवटच्या फ्रेमला ३६०, आणि प्ले. चाक ढिम्म. पूर्ण फेरी मारली की चाक दिसायला होतं तसंच, मग सॉफ्टवेअरने कशाला कष्ट घ्यावेत? उजवीकडून एक फेरी, असं वेगळं सांगावं लागतं. सांगितलं.

आता चाकं फिरतायत, मुलगी जीव तोडून हात हलवतेय, आणि गाडी जागच्या जागी उभी आहे. तिला ट्वीन द्यायचाच राहिला.