चार तुकड्यांचा चाकू

काल परत बोट कापून घेतलं. फार नाही, एका पट्टीत भागलं, आणि चूक शंभर टक्के माझीच. हिगोनोकामी नावाचा जपानी घडीचा चाकू आहे माझ्याकडे, त्याला लॉक वगैरे काही नसतं, पात्याच्या मागच्या टोकाला एक छोटीशी शेपटी असते, तिला चिकिरी म्हणतात, ती अंगठ्याने मुठीवर दाबून धरायची, हेच काय ते लॉक. मी बॉक्स उघडत होतो, चिकटलेली टेप नीट निघेना म्हणून हात फिरवला, अंगठा सुटला आणि पातं शांतपणे माझ्या तर्जनीवर येऊन मिटलं. बायको पट्टी आणून देताना म्हणाली, "अरे, तुझ्याकडे तो चांगला लॉकवाला आहे ना ड्रॉवरमध्ये, मग हे पत्र्याचं खेळणं कशाला घेऊन फिरतोस?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तर तो ड्रॉवरमधला. टायटॅनियमची मूठ, बेअरिंगवर फिरणारं पातं, एका बोटाने टिचकी मारली की खट्ट करून उघडतो. सहा महिने रिव्ह्यू बघून घेतला होता. पहिल्याच दिवशी त्याने एक पार्सल उघडलं, पात्याला टेपचा गोंद लागला आणि मला इतकं वाईट वाटलं की अर्धा तास मऊ फडक्याने पुसत बसलो आणि परत त्याच्या डब्यात ठेवून दिला. तेव्हापासून तो तिथेच आहे. कधीतरी काढतो, दोनचार वेळा खट्ट खट्ट करतो, ठेवतो. म्हणजे तो चाकू नाहीये, मोठ्या माणसाचं खुळखुळं आहे.

पण जपायची भीती हे अर्धंच कारण आहे, खरी गोष्ट सफरचंदाने कळली. एक दिवस हा ड्रॉवरवाला आणि माझा ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, दोन्ही टेबलावर होते, म्हटलं बघू. महागड्याने सफरचंद कापायला घेतलं तर पातं निम्म्यापर्यंत गेलं आणि मग टक्क आवाज करून फोड तुटली. कापली नाही, तुटली. कारण त्याचं पातं पाठीला जवळजवळ चार मिलिमीटर जाड आहे, धार कितीही असू दे, धारेच्या मागून येणारी पाचर फळ फाडतच पुढे जाते. मग आठ नंबरचा ओपिनेल घेतला, तो पाठीला दोन मिलिमीटरसुद्धा नाही, आणि पात्याच्या दोन्ही बाजू धारेकडे येताना किंचित फुगीर गोलाईने उतरतात, त्यामुळे तो सरळ आरपार गेला, चकती इतकी पातळ निघाली की पलीकडचं बोट दिसत होतं. ज्याला लोक स्टीलची क्वालिटी म्हणतात ना त्यातलं निम्मं हे असतं, नुसता पातळपणा आणि उतार. ते काही महाग नसतं. उलट पातळ पट्टीला स्टील कमीच लागतं! जाड पातं लागतं दारं उचकटायला, आणि मी आयुष्यात एकही दार उचकटलेलं नाही.

ओपिनेलची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्सच्या सावोआ भागात, आल्प्सच्या डोंगरात, एका अवजारं बनवणाऱ्याच्या मुलाने, जोसेफ ओपिनेलने, १८९० मध्ये हा चाकू केला, आणि १८९७ पर्यंत १ ते १२ नंबरचे साइझ पाडले. सगळ्यात छोटा १ नंबर इतका चिमुकला होता की तो तंबाखूचा पाइप साफ करायला घड्याळाच्या साखळीला अडकवायचे म्हणे. पुढे १९३५ मध्ये १ आणि ११ नंबर बंद केले, त्यामुळे आज कुणी पहिल्यांदा लिस्ट बघितली तर मधले नंबर कुठे गेले असं वाटतं. पात्यावर जो मुकुट घातलेला हात असतो तो सुद्धा उगाच नाहीये, १५६५ मध्ये फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने चाकू बनवणाऱ्यांना आपापली खूण उमटवायचा हुकूम काढला होता, त्या जुन्या रिवाजाला धरून १९०९ मध्ये ही खूण घेतली. आणि फिरणारी कडी, जी फिरवली की पातं पक्कं बसतं, ती थेट १९५५ मध्ये आली. म्हणजे तोवर पासष्ट वर्षं लोक बिनालॉकचाच वापरत होते, आणि बोटं घेऊनच घरी जात असणार बहुतेक.

आता त्यात आहे काय? पातं, बीच लाकडाची मूठ, एक खिळा, आतली पक्की कडी, वरची फिरणारी कडी. संपलं. जुन्यात तर फिरणारी कडी पण नाही, चारच तुकडे. मी ड्रॉवरवाल्याचे स्क्रू एकदा हौसेने उघडले होते, बारीक बारीक छर्रे टेबलभर पळाले, एक अजून सापडला नाहीये.

ओपिनेलचा दोष पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा प्रेमात पडलाय. लाकूड भिजलं की फुगतं. एकदा पावसात भिजला खिशात आणि पातं मुठीत असं काही आवळून बसलं की नखाने खाच धरून ओढलं तर नखच वाकलं. मी पक्कड आणायला निघालो होतो! मग कुठेतरी वाचलेलं आठवलं, याला सावोआवाल्यांचा ठोका म्हणतात: कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं. आपटलं, आणि पातं आपोआप थोडं वर आलं, चिमटीत धरण्याइतकं. इतका आनंद मला कुठल्याही बेअरिंगने दिला नाहीये. नंतर मी मुठीतल्या पात्याच्या खाचेतून थोडं लाकूड घासून काढलं, वरचं व्हार्निश पॉलिश पेपरने उतरवलं आणि जवसाचं तेल चार वेळा पाजलं, प्रत्येक वेळी एक दिवस वाळवून. आता फुगतो, पण माणसासारखा फुगतो, लगेच शांत होतो.

स्टेनलेसमध्ये पण मिळतो हा, पण मी कार्बन स्टीलचाच घेतला आणि तेच घ्या असं सांगेन, जर पुसायचा आळस नसेल तर. कार्बनवाल्यात क्रोमियम जवळपास नसतंच, त्यामुळे तो हवेशी, पाण्याशी, आंबट गोष्टींशी सगळ्यांशी भांडतो. पहिल्या दिवशी आरशासारखा होता. सफरचंद कापलं, पुसायला दहा मिनिटं उशीर केला, तर पात्यावर निळसर-जांभळा डाग, पेट्रोल सांडल्यावर पाण्यावर दिसतात ना तसे रंग. मला वाटलं वाट लागली. घासला तर जाईना. मग कळलं की हा गंज नाही, ही पॅटिना, ऑक्साइडचा एक पातळ थर, राखाडी-काळपट, आणि तो बसला की खालच्या लोखंडाला तांबडा गंज जरा कमी धरतो. तांबडं दिसलं तर घासून टाका, काळं-निळं दिसलं तर राहू द्या, एवढंच शास्त्र. हां, नवीन पात्याने कापलेल्या फळाला थोडी लोखंडाची चव लागते. थर बसत गेला तसं ते कमी झालं. आता माझं पातं टोकाकडे गडद आहे, मध्ये एका लिंबाचे ओघळ आहेत आणि खाचेजवळ कधीतरी ओला ठेवल्याचे तीन बारीक खड्डे, ते माझ्या आळसाचे.

आता हिगोनोकामी, ज्याने बोट खाल्लं. ह्योगो प्रांतातलं मिकी गाव, तिथे १८९० च्या दशकात हा सुरू झाला. नावाचा अर्थ "हिगोचा सरदार" असा भारदस्त आहे आणि वस्तू म्हणजे पितळेचा किंवा लोखंडाचा एक पत्रा मधोमध दुमडलेला, त्यात पातं, आणि एक खिळा. बस. जपानमधली मुलं याने पेन्सिली तासायची, मग १९६० नंतर मुलांच्या हातात चाकू नकोत अशी हवा आली आणि धंदा बसत गेला. हे नाव वापरायचा हक्क असलेलं एकच घराणं आता उरलंय. पण त्या वस्तूत डोकं किती आहे बघा, पात्याची धारेची उतरण चांगली रुंद आणि सपाट असते, त्यामुळे धार लावताना कोन किती अंशांचा वगैरे विचारच करायचा नाही, ती सपाट बाजू ओल्या दगडावर टेकवायची आणि ढकलायची. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला एक खरखरीत कड जाणवायला लागते, ती धारेच्या सगळ्या लांबीभर जाणवली की बाजू बदलायची, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढून ती कड काढून टाकायची. मी धार लावायला शिकलो ते यावरच. ड्रॉवरवाल्यावर शिकायची माझी काय हिंमत होती, एक ओरखडा पडला तर रात्रभर झोप नाही.

आणि पेन्सिल तासून बघा एकदा याने. शार्पनरसारखं टोक येत नाही, लांब, जरा वाकडंतिकडं, कडाकडांचं येतं, आणि लाकडाची साल कुरळी होऊन पडते, वास येतो.

पत्रा दुमडायची ही युक्ती बऱ्याच जणांना सुचलीय. फ्रान्समध्येच तिएर गावचा डूक-डूक, १९२९ चा, त्याच्या मुठीवर मेलानेशियातल्या एका भूताचं चित्र कोरलेलं असतं, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून, आणि खपला मात्र उत्तर आफ्रिकेत. याची पाठीमागची स्प्रिंग इतकी कडक की उघडताना दोनदा विचार करावा लागतो, पण मिटताना जो टप्प आवाज येतो तो ऐकायला मी टीव्ही म्यूट करतो. जर्मनीतल्या झोलिंगनचा मर्काटोर, काळ्या मुठीवर उडी मारणारी मांजर असलेला, तो पण पत्राच, पण त्याला पाठीवर दाबायचं लॉक आहे आणि जाडी इतकी कमी की खिशात आहे हे विसरून कपडे धुवायला जातात. (गेलेत.)

स्वस्त म्हणजे काहीही चालतं असं मात्र नाही हं. याच प्रकाराची एक बिननावाची नक्कल मी घेतली होती, दिसायला सेम, दोन आठवड्यांत खिळा ढिला आणि पातं इतकं मऊ की धार दुपारी लावली तर संध्याकाळी नाही. तिथे स्टीलमध्येच पैसे वाचवले होते. वर ज्यांची नावं घेतली त्यांनी पैसे वाचवलेत ते दिखाव्यात, डब्यात, मुठीच्या फिनिशिंगमध्ये, आणि स्टील मात्र सरळ नीट तापवून पाणी दिलेलं असतं. राहिलेलं काम ते गिऱ्हाइकावर सोडतात. कडा घासून घ्या, तेल पाजा, खिळा सैल वाटला तर ठोका. बऱ्याच लोकांना हा निष्काळजीपणा वाटतो, मला नाही वाटत. ड्रॉवरवाला माझ्याकडे आला तेव्हा पूर्ण होता, त्यात माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलेलं नव्हतं. ओपिनेल माझ्याकडे आला तेव्हा तीन-चतुर्थांश होता.

बरं, खिशात घेऊन फिरण्याआधी तुमच्या इथला कायदा बघून घ्या, तो सगळीकडे वेगळा असतो. ब्रिटनमध्ये कारण न देता जवळ ठेवायचा तर पातं तीन इंचांपर्यंतच आणि लॉक नसलेलं लागतं, म्हणजे आठ नंबरचा ओपिनेल साडेआठ सेंटीमीटर पातं आणि कडी असल्यामुळे दोन्हीत नापास. आणि विमानात जाताना हातातल्या बॅगेत चुकूनसुद्धा ठेवू नका, एक चाकू मी असाच घालवलाय, तपासणीवाल्याने तो ज्या डब्यात टाकला त्यात आधीच दहाबारा भाऊबंद पडलेले होते.

हे सगळं काल रात्री बायकोला सांगितलं, जरा कमी शब्दांत. ती म्हणाली, ठीक आहे, पण तो पातळवाला ओपिनेल किचनमध्ये राहू दे, मला पाहिजे. म्हणजे तो गेला. आता खिशात हिगोनोकामीच, आणि कालपासून त्याचा खिळा थोडा सैल वाटतोय, म्हणून तर पातं इतक्या सहज मिटलं. दोन हलके ठोके दिले की बसेल. हातोडी कुठे ठेवलीय ते आठवत नाहीये.