चार वेळा सात

शाळा सोडल्यावर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, सरकारी रुग्णालयात लागले, नोकरी सांभाळत पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, आणि पुढे एम.एस्सी. नर्सिंगही झालं. स्मरणिकेसाठी 'शाळेने काय दिलं' ते लिहा, असं समितीचं पत्र आलं. देणं पुष्कळ आहे. पण सांगायची आहे ती नववीतल्या चक्रवाढ व्याजाची गोष्ट.

एम.एस्सी.ला असताना लिंडा एकन यांचा २००२ सालचा शोधनिबंध वाचायला मिळाला. एकन मूळच्या परिचारिका. पुढे त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन केंद्र उभारलं. परिचारिका थकतात, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण त्या थकव्याचा रुग्णाच्या जिवाशी काय संबंध, हे एकन यांनी मोजून दाखवलं. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. निष्कर्ष असा, की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि चाराच्या जागी आठ रुग्ण दिले, तर ३१ टक्क्यांनी.

मी अडले. चार जादा रुग्ण, चार साती अठ्ठावीस. मग ३१ कुठून आले? छपाईची चूक असेल असंही वाटून गेलं. रात्री होस्टेलच्या खोलीत कागद घेतला आणि गणिताच्या सरांचा फळा डोळ्यांपुढे आला. हजार रुपये, दहा टक्के. अकराशे, बाराशे दहा, तेराशे एकतीस. सर खडू आपटून म्हणायचे, "व्याजावर व्याज चढतं, बाळांनो!" शंभराचे १०७ केले, त्यावर पुन्हा सात टक्के, चार वेळा. १३१ आले. ओझंसुद्धा चक्रवाढीने चढतं, हे मला त्या रात्री कळलं.

त्याच निबंधात आणखी एक माप होतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेला रुग्ण वाचवता आला की नाही, याचं. तेही जादा रुग्णामागे तेवढंच, ७ टक्क्यांनी बिघडत होतं. हे वाचताना मला माझ्या नोकरीतली एक नाइट आठवली. पोटाचं ऑपरेशन झालेल्या आजी संध्याकाळी बोलत होत्या. वॉर्डात ३६ पेशंट, स्टाफ मी एकटी. दोन वाजता सलाईन बदलायला गेले तेव्हा आजींचे हात गार होते, श्वास भरभर चालला होता आणि युरिन बॅगेत संध्याकाळपासून जेमतेम भर पडली होती. हे बारालाच दिसलं असतं. पण बाराला मी दुसऱ्या टोकाला होते. डॉक्टर धावत आले, आजी वाचल्या. ते दोन तास मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

एकन पुढेही मोजत राहिल्या. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत, ३०० रुग्णालयांत पाहिलं, तिथेही जादा रुग्णामागे तेच ७ टक्के. शिवाय पदवीधर परिचारिकांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे मृत्यू कमी. नोकरी करत शिकण्याची दगदग केलेल्या माझ्यासारखीला हे वाचून किती धीर आला! ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये ठरावीक वॉर्डांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका बंधनकारक केली, तेव्हा त्याचा परिणाम तपासणाऱ्यांतही त्या होत्या. बोलणारे पुष्कळ असतात. इतकी वर्षं एकच प्रश्न धरून मोजत राहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं सांगायला मी सरांना फोन केला. त्यांनी आकडे लिहून घेतले, स्वतः गुणाकार केला आणि विचारलं, "तुझ्या वॉर्डात किती?"

"दिवसा १८, रात्री ३६, सर."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "हे सूत्र छत्तीसपर्यंत ताणू नकोस. त्यांनी जेवढं मोजलं, तेवढ्यापुरतंच ते खरं. तुमच्याकडचं कोणी मोजलंय का?"

तेव्हापासून हँडओव्हरच्या, म्हणजे ड्युटी पुढच्या पाळीकडे सोपवण्याच्या वेळी मी एका वहीत तीन आकडे लिहिते : पेशंट किती, स्टाफ किती आणि किती जणांचा बीपी वेळेवर घेता आला नाही. पहिली वही दिवाळीच्या आत भरली. आता दुसरी सुरू आहे.