काजवे न दिसलेली रात्र

भंडारदऱ्याचे फोटो टाक ना, असे आतापर्यंत चार-पाच जणींचे मेसेज आलेत. फोटो नाहीयेत गं. म्हणजे एक आहे, त्यात आमचा टेंट आहे, उभा, संध्याकाळी सहाचा, आणि समोर छोटू दोन्ही हात वर करून उभा आहे. त्यानंतर फोन खिशातून काढायची वेळच आली नाही. म्हणून म्हटलं फोटोंच्या ऐवजी लिहूनच टाकते, कारण त्या रात्री माझ्या डोक्यात बरंच काही हललं आणि ते विसरायच्या आत कुठेतरी उतरवायचंय.

तर झालं असं की छोटूला (सहा वर्षांचा आहे) शाळेत कोणीतरी काजव्यांबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. ठाण्यात काजवा कुठे दाखवणार? येऊरला पूर्वी दिसायचे म्हणतात, मी तरी कधी बघितले नाहीत. मग ठरवलं की मेच्या शेवटच्या शनिवारी भंडारदरा, पाऊस सुरू व्हायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडेच खरे काजव्यांचे, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एकदम लुकलुकतं. नवऱ्याने मित्राचा टेंट आणला. लेक अकरा वर्षांची, ती प्रत्येकाच्या बॅगेची यादी करत बसली. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६६, त्या म्हणाल्या मी पण येणार, मला काय घरात कोंडून ठेवताय. त्यांचं माहेर मुरबाडकडचं, लहानपणी अंगणात झोपलेल्या, त्यामुळे टेंटचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाच जास्त टेन्शन होतं.

सकाळी आठला निघायचं होतं, निघालो अकराला. भिवंडी बायपासला जे अडकलो ते अडकलोच, ठाणेकरांना त्याबद्दल वेगळं काय सांगू. आमण्याला समृद्धी महामार्गावर चढल्यावर जीवात जीव आला. ५ जून २०२५ ला तो इगतपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट चढावा लागत नाही, जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, मुलं तो संपेपर्यंत गाणी म्हणत होती. पण मध्ये जेवण, पेट्रोल, छोटूची उलटी, असं करत करत शेंडी गावाच्या पुढे एका शेताजवळ पोचायला साडेपाच वाजले. शेतवाल्या मावशींशी आधी फोनवर बोलणं झालं होतं.

आणि इथे आमचं चुकलं. उशीर झाल्यामुळे घाई, घाईत टेंट लावला तो जिथे जमीन सपाट आणि मऊ होती तिथे. ती जमीन मऊ का होती याचा विचारच केला नाही. तो खोलगट भाग होता, वरच्या बांधावरून येणारं सगळं पाणी तिथेच जमणार. शिवाय खाली अंथरलेलं प्लास्टिक टेंटपेक्षा मोठं होतं, चारी बाजूंनी हात-हातभर बाहेर, आम्हाला वाटलं छान, चिखल लागणार नाही. प्रत्यक्षात त्या बाहेर आलेल्या कडांवर पाऊस पडतो आणि घसरून थेट टेंटच्या खाली येतो, म्हणजे आपणच पाण्याला रस्ता करून देतो. हे मला आता माहिती आहे, तेव्हा नव्हतं.

साडेसातला वारा सुटला. आई आकाशाकडे बघून म्हणाल्या, "हा वळीव आहे, सामान आवरा." आम्ही म्हटलं येईल पाच मिनिटं आणि जाईल. आला तो असा आला की दहा मिनिटांत टेंटच्या आत घोट्याएवढं पाणी, एका बाजूचे खुंटे उपटलेले, कपड्यांची बॅग भिजली, जेवणाची पिशवी उलटी होऊन भाजी-पोळी पाण्यात. नवऱ्याच्या मोबाईलवर दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. पण गावातली लाईट गेली आणि तिच्यासोबत रेंजही गेली. मग एक लख्ख वीज चमकली समोर धरणाच्या पाण्यावर आणि छोटू किंचाळला. तो विजेला आधीपासून घाबरतो, ठाण्यात पण पावसाळ्यात रात्री उठून आमच्यात येऊन झोपतो.

टेंट तिथेच सोडून गाडीत पळालो. एवढं एक काम मात्र बरोबर केलं. विजेत टेंटचा काही उपयोग नसतो, झाडाखाली उभं राहणं तर सगळ्यात वाईट, बंद गाडी त्यातल्या त्यात चांगली कारण वीज पडलीच तर बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. फक्त काचा बंद ठेवायच्या आणि धातूला हात लावायचा नाही.

आता गाडीत पाच जण, सगळे ओले, काचांवर वाफ. नवरा म्हणाला तुला सांगत होतो लवकर आवर, मी म्हटलं जागा कोणी निवडली, आणि मग आम्ही दोघं जे बोललो ते इथे लिहीत नाही. लेक रडायला लागली. आणि मला कसंतरी झालं म्हणून मी एकदम आवाज बदलून म्हटलं, "अगं रडतेस काय, किती मज्जा येतेय बघ! अॅडव्हेंचर आहे हे!"

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. तिला कळत होतं की मी खोटं बोलतेय, आणि मला कळत होतं की तिला कळतंय. ती रडायची थांबली, पण शांत झाली म्हणून नाही, आपलं रडणं आईला नकोय असं वाटून थांबली. हे मी किती वेळा केलंय असं मनात आलं. परीक्षेत मार्क कमी पडले की "काही नाही गं, छान आहेत की", मैत्रीण सोडून गेली की "दुसरी मिळेल". मला वाटायचं मी तिला पॉझिटिव्ह राहायला शिकवतेय.

मागच्या सीटवरून आई बोलल्या, अगदी सरळ आवाजात. "फसली ट्रिप. एवढी तयारी केलीस तू बाळा, याद्या केल्यास, वाईट वाटणारच. रडून घे. आणि मग ती पायाखालची पिशवी दे, त्यात दशम्या आहेत."

बस. लेक मोकळी रडली, दोन-तीन मिनिटं असेल, आणि नाक पुसून तिने पिशवी काढली. दशम्या, लसणाची चटणी, डिंकाचे लाडू. आईंनी ती पिशवी टेंटमध्ये नेलीच नव्हती, गाडीतच ठेवली होती, "प्रवासात एक डबा कायम बाजूला ठेवायचा" म्हणाल्या. आम्ही अंधारात हाताने तोडून खाल्लं आणि पोटात गेल्यावर मी नवऱ्याला सॉरी म्हटलं, त्याने पण म्हटलं. पोट रिकामं, अंग ओलं आणि दिवसभराचा प्रवास असला की कोणतीही गोष्ट दहापट मोठी दिसते, आधी ते बघावं, मग बोलावं. त्या रात्री आम्ही हे उलट्या क्रमाने केलं.

छोटू मात्र अजून माझ्या कुशीत तोंड खुपसून होता. त्याला "घाबरू नकोस" असं मी म्हणणार होते, पण आत्ताच जे बघितलं होतं त्यामुळे थांबले. मी म्हटलं, "भीती वाटतेय ना? मला पण वाटतेय थोडी. चल आपण मोजू या ती कुठे आहे." शाळेत शिकलेलं अचानक आठवलं. वीज दिसते लगेच, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरने येतो, म्हणजे चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. पहिल्यांदा मोजलं तर चार. म्हणजे दीड किलोमीटर पण नाही पुरता, माझ्या पोटात गोळा आला, पण छोटूने डोकं वर काढलं. पुढची पाच. मग सहा. लेक घड्याळात बघून सेकंद सांगायला लागली, छोटू बोटं मोडायला लागला, नवरा भागाकार करून किलोमीटर सांगत होता आणि आई म्हणत होत्या "म्हणजे आता पलीकडच्या डोंगरावर गेली". एकदा अकरा आले तेव्हा छोटू ओरडला "पळाली!" भीती गेली असं नाही म्हणणार, मधेच एक जवळ कडाडली तेव्हा परत चिकटला मला. पण त्याच्या हाताला काम मिळालं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला, लहान असो की मोठं, हातात एक छोटं काम लागतं. हे मला आता मनापासून पटलंय.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं बाहेर पडायला, ते आम्ही थांबलो. तेवढ्यात मावशी बॅटरी घेऊन आल्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. "पोरांना घेऊन गाडीत कशाला बसता, पडवीत या." त्यांच्या पडवीत चूल होती, कपडे दोरीवर टाकले, कोरा चहा मिळाला गुळाचा, मुलांना घोंगडी. आई आणि मावशी मध्यरात्रीपर्यंत बोलत होत्या, नाचणी, सुना, गुडघे, सगळं. छोटूने झोपता झोपता विचारलं काजवे भिजले का, तर मावशी म्हणाल्या पावसात ते पानाखाली बसतात. तेवढ्याने त्याचं समाधान झालं.

नाही दिसले काजवे. रात्री तीनला मी उठून बाहेर जाऊन पण बघितलं, नुसता काळोख आणि बेडकांचा आवाज. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

सकाळी टेंटच्या जागी छोटंसं तळं झालं होतं. नवऱ्याने आणि लेकीने मिळून टेंट काढला आणि वरच्या उंचवट्यावर परत लावून बघितला, नुसता शिकायला म्हणून. खुंटे सरळ नाही ठोकायचे, तिरके, डोकं टेंटपासून लांब झुकलेलं. खालचं प्लास्टिक कडा आत दुमडून पूर्ण टेंटच्या खाली. आतल्या कापडाला सामान टेकवायचं नाही, टेकलं की तिथून पाणी झिरपतं. आणि एक जोड कोरडे कपडे प्रत्येकाचे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत, हे माझं. तुम्ही जाणार असाल तर एवढं करा, आणि पोचल्यावर उजेडाचे दोन तास तरी हातात राहतील असं निघा.

घरी आल्यावर टेंट चार दिवस बिल्डिंगच्या गच्चीवर वाळवला, ओला गुंडाळला तर बुरशी धरते आणि मित्राचा होता तो. आईंचे गुडघे दोन दिवस दुखले. लेकीने एकदा मला विचारलं, "तुला खरंच भीती वाटत होती का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला पण," आणि अभ्यासाला गेली.

काल संध्याकाळी इथे वर्तकनगरला यंदाचा पहिला जोराचा पाऊस झाला. लाईट गेली. मी स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होते आणि मनात म्हटलं आता छोटू येणार पळत. तो आला नाही. हॉलच्या खिडकीतून त्याचा आवाज येत होता, जरा कापरा होता, पण मोठ्याने मोजत होता. सात, आठ, नऊ. मग गडगडाट.

"आजी, नऊ!"

"म्हणजे तीन किलोमीटर," आई आतून म्हणाल्या. "येऊरला असेल. खिडकी लाव आणि ये इकडे, पुढची दोघं मिळून मोजू."